शेठ खंडी झाले

मलकापूर
दि. १४ ऑक्टोबर १९३२

दोस्त गुलाम रसूल यास कडूबाचा रामराम, आणि खुर्शीदावहिनींना सलाम.

तिकडे बुलढाण्याला सकाळी शाल लागत असेल. इकडे आम्ही अजून भाजून निघतो आहोत. असो, कामाचं लिहितो.

गावात नवा डॉक्टर आला आहे. पायाला मुंग्या येतात म्हणून त्याच्याकडे गेलो, तर म्हणाला, लघवीत साखर आहे. रोज चार मैल पायी चाला, नाहीतर वर्षभरात एक पाय कापायला माझ्याकडेच याल. मी मनात हसलो. ज्या माणसानं कापसाची सरकी काढायच्या जिनात हमाली करून पुढे तेच जिन विकत घेतलं, त्याला चालण्याची काय भीती? दुसऱ्या दिवशी बैलांची रेंगी घरीच ठेवली आणि नळगंगेच्या बाजूला पायी निघालो.

तिथंच माशी शिंकली. बाजारात सोजराबाई माळीण वांगी लावत होती. ती म्हणाली, "शेठ, काऊन पायी जाऊन राह्यले? बैल मेले का?" मी म्हटलं, नाही, बैल ठणठणीत आहेत. चार पावलांवर पानवाल्यानं विचारलं, "मंग इकले का?" यंदा कापसाच्या भावानं भलेभले आडवे झालेत, तुला ठाऊकच आहे. मी नदीवरून परत येईतो गावात पक्कं झालं होतं की कडूबाशेठ बुडाला. दुपारी माझ्या फाटकाशी आलेल्या कापसाच्या गाड्या वळल्या आणि शेषरावच्या जिनात गेल्या. संध्याकाळी माझा साळा धामणगाव बढ्याहून ज्वारीचं पोतं घेऊन आला आणि माझा हात हातात धरून बसला. शेषराव तर आपल्या ओट्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मानूस चांगला होता."

होता म्हणे! मग मी दार लावून अंगणात फिरू लागलो. शेजारच्या अन्नपूर्णाबाईनं गच्चीवरून पाहिलं आणि आमच्या गोजरला म्हणाली, येरझारा घालून राह्यले म्हणजे खरंच असेल. आणखी गाड्या गेल्या.

तर असं आहे. चाललो तर जिन जातं, न चाललो तर पाय जातो.

तोड सुचवली आमच्या म्याकसाहेबानं. माझा बॉयलर पाहतो तो म्हातारा गोरा, तीस वर्षं वऱ्हाडात राहून माझ्यासारखाच बोलतो. तो म्हणाला, गोल्फ नावाचा खेळ आहे. मोठे लोक उन्हात मैलोगणती चालतात, मध्येच काठीनं चेंडू मारतात, आणि त्यांना कोणी दिवाळखोर म्हणत नाही. म्हणजे चालण्याची खरी अब्रू त्या काठीत आहे.

जवळपास तीन क्लब आहेत: तुमच्या बुलढाण्याचा साहेबांचा, खामगावचा कापूसवाल्यांचा आणि इथला, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवाल्या साहेबांचा. तू साहेबांच्या विजारी शिवतोस, तेव्हा बुलढाण्याची माहिती काढ. खुर्च्या कशा, चहा कसा, हे मला नको. तिथं चालायला किती मिळतं, एवढं विचार. आजाराचं मात्र कोणाजवळ बोलू नकोस. साखर झाली कळलं तर लोक म्हणतील, शेठ उरलंसुरलं खाऊन मरायला बसला.

तुझा
कडूबा


बुलढाणा
दि. २१ ऑक्टोबर १९३२

कडूबाभाऊस गुलाम रसूलचा सलाम. गोजरवहिनींनाही.

पत्र वाचून आधी हसलो, मग खुर्शीदाने डोळे वटारले म्हणून गंभीर झालो. तिने तुझ्यासाठी कारल्याचं सांगितलं आहे. किती खायचं ते सांगितलं नाही, म्हणजे पुष्कळ खायचं.

क्लबाची माहिती घेतली. माणसाच्या कमरेला टेप लावला की तो श्वास रोखतो आणि विचारलेलं सगळं सांगतो. क्लबाचे सेक्रेटरी साहेब मापाला आले होते. जमिनीत नऊ भोकं आहेत आणि प्रत्येकात चेंडू घालायचा. हवा उत्तम. एक बाजू राजूर घाटाकडे उतरते, तिकडे मारलेला चेंडू मोताळ्याच्या कोणी शेतकऱ्याला सापडला तरच सापडतो. देशी माणसाला मेंबर करतात, पण त्याने व्हरांड्यापर्यंतच यायचं.

आता तुझा सवाल. मी विचारलं, हुजूर, चालावं किती लागतं? साहेब छाती फुगवून म्हणाले, इथे मेंबराला अजिबात त्रास नाही. पहिल्या भोकानंतर सगळे टट्टूवर बसतात. वऱ्हाडात इतका आरामाचा गोल्फ दुसरा नाही. मी फार आनंद दाखवला, पण मनात म्हटलं, हा कपडा आपल्या मापाचा नाही.

आणखी एक. साहेबांचा बटलर फारुख, माझा चुलतमेहुणा, म्हणाला की प्रत्येक मेंबराला स्वतःची क्यांडी लागते. क्यांडीशिवाय मैदानात पाऊल ठेवता येत नाही. ही क्यांडी म्हणजे काय ते विचारायचं राहिलं, त्याचं दूध उतू चाललं होतं. तुझे कान तिखट आहेत, तुला कळेल.

गुलाम रसूल


मलकापूर
दि. २ नोव्हेंबर १९३२

गुलाम रसूल यास,

व्हरांडा किती लांब आहे ते लिहायला विसरलास. चार मैलांचा असता तर मी तिथंच मेंबर झालो असतो.

मी खामगावला जाऊन आलो. तिथला क्लब पैसेवाल्यांचा, आणि माणसं आपल्या धंद्यातली, त्यामुळे बोलणं समजतं. खेळ मात्र उलटा आहे. ज्याचे फटके कमी तो जिंकला. मला आधी पटेना, कमी करून माणूस मोठा होतो हे आपल्या बाजारात कधी पाहिलं आहे का? कच्च्या खेळाडूच्या फटक्यांतून काही फटके वजा धरतात. त्याला काहीतरी लांब इंग्रजी नाव आहे, पण मी लगेच ओळखलं, हा आपला कडता. ओल्या कापसावर धरतात तसा ओल्या खेळाडूवर.

तिथले वकील उत्तमराव मला मैदान दाखवायला निघाले. बघतो तर आम्ही दोघं रेंगीत! चेंडूपाशी रेंगी थांबते, वकील उतरतात, मारतात, हाश्श करून परत चढतात. मी म्हटलं, जरा पायी जाऊ या का? ते माझ्याकडे असे बघू लागले की मला सोजराबाई आठवली. मी तत्काळ मांडी घातली.

राहिला मलकापूरचा. इथं प्रेसपासून स्टेशनापर्यंत रुळांचा फाटा आहे ना, त्याच्या कडेकडेनं मैदान आहे. साहेब लोक ट्रॉलीवर बसून सोडा पीत एका भोकाकडून दुसऱ्या भोकाकडे जातात. तरी मी हाच पसंत केला आहे. घराजवळ आहे, आणि ट्रॉली उघडी आहे. मी रोज तिच्यावरून पडेन. पडलेल्या माणसाला चालावंच लागतं, त्यात कोणी बुडाला म्हणत नाही.

आता तुझी क्यांडी. अरे, जिनात इतकी वर्षं पोती शिवलीस आणि एवढं कळलं नाही? मुंबईचे व्यापारी आपल्या खंडीला क्यांडीच म्हणतात. वीस मणांची खंडी! क्लबात शिरताना मेंबरानं खंडीभर कापूस द्यायचा, दुसरं काय? साहेब झाला तरी बसला आहे कापसाच्या मुलखात. काल इथल्या सेक्रेटरीनं मला समोर बसवून विचारलं, तुमची क्यांडी आहे का? मी म्हटलं, एक काय साहेब, दोन पाठवतो. तो इतका खूश झाला की उठून हात मिळवला. पाच तारखेला दोन खंडी रुई धाडतो आहे, नवी, सरकी काढलेली, पांढरीशुभ्र. माझ्या कानाला असला इंग्रजी उच्चार चकवत नाही.

कडूबा


बुलढाणा
दि. ४ नोव्हेंबर १९३२

कडूबाभाऊ,

हे पत्र पोचेल तेव्हा गाड्या जुंपलेल्या असतील तर सोड.

फारुख आज भेटला. क्यांडी म्हणजे कापूस नाही. क्यांडी म्हणजे माणूस. मेंबराच्या काठ्यांची झोळी खांद्यावर घेऊन मागे मागे चालतो तो. सेक्रेटरीला वाटलं असेल, तू दोन नोकर घेऊन येणार.

घाईत
गुलाम रसूल


मलकापूर
दि. ८ नोव्हेंबर १९३२

गुलाम रसूल यास,

तुझं पत्र गाड्यांच्या दुसऱ्या दिवशी आलं. टपालवाल्याचा दोष नाही. दोष माझ्या कानांचा, आणि त्यांच्याशी मी दोन दिवसांपासून बोलत नाही.

झालं ते असं. माझ्या गाडीवानांनी विचारलं, माल कुठं टाकायचा? तिथल्या माळ्यानं हात केला मैदानाकडे. भोकाभोवती साहेबांनी तेल ओतून वाळूचा गुळगुळीत ओटा केला आहे. आमच्या लोकांना ती जागा स्वच्छ दिसली. दोन खंडी रुई त्यांनी तिथं नीट पसरून ठेवली, पाऊसबिऊस नाही म्हणून वर झाकण घातलं नाही एवढंच.

त्याच वेळी मागून चार साहेबांचे चार चेंडू आले. पांढरे चेंडू, पांढरी रुई. गुलाम रसूल, मी आयुष्यात पुष्कळ कापूस पिंजलेला पाहिला, पण चार गोरे लोक गुडघ्यांवर बसून हातानं पिंजताना पहिल्यांदा पाहिले. एकाच्या मिशीत रुई अडकली होती. म्याकसाहेब ट्रॉलीवर बसून इतका हसला की ट्रॉली आपोआप स्टेशनाकडे चालू लागली. सेक्रेटरी हसला नाही. त्यानं मला कळवलं की या जन्मी मी मेंबर होणार नाही.

गावात आता मी बुडालो असं कोणी म्हणत नाही. ज्यानं साहेबाला दोन खंडी रुई फुकट दिली तो बुडालेला कसा? आता म्हणतात, शेठ येडा झाला. शेषरावनं तेही ओट्यावर उभं राहून सांगितलं. येड्याच्या जिनातही कोणी कापूस घालत नाही. फाटकाशी कुत्रं बसलेलं असतं.

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण एक लिहायचं टाळत होतो. उजव्या अंगठ्यावर काळा डाग आला आहे. डॉक्टरनं पाहिला आणि चष्मा काढून पुसत बसला. तो आधी रागावायचा, या वेळी रागावला नाही, त्यामुळे मी घाबरलो. महिनाभर बघू, म्हणाला, पण चाला. गोजरला मी शाईचा डाग आहे म्हणून सांगितलं. ती रोज धुऊन बघते.

कडूबा


बुलढाणा
दि. १३ नोव्हेंबर १९३२

कडूबाभाऊ,

तुझं पत्र खुर्शीदाला वाचून दाखवलं. शाईचं ऐकून ती उठून गेली. मग रात्रभर माझं डोकं चाललं.

तू तीन क्लब तपासलेस. बुलढाण्याला टट्टू, खामगावला रेंगी, मलकापूरला ट्रॉली. मेंबर कुठेच चालत नाही. तू उगाच कापडाची उजवी बाजू बघत बसलास, मी शिंपी, मी उलटी बाजूही बघतो. मला सांग, तिन्ही ठिकाणी चालतो कोण? क्यांडी चालतो. मेंबर बसून जातो, काठ्या पायी जातात.

तू म्याकसाहेबाचा क्यांडी हो. सेक्रेटरीने तुला मेंबर व्हायची मनाई केली, झोळी उचलायची केलेली नाही. तू जिनात बोचके वाहायचास तेव्हा मी त्यांचं तोंड शिवायचो. वजनाची तुला कधी लाज वाटली नाही, आता कशाला वाटेल?

लोक काय म्हणतील विचारशील. खोटं एक अक्षर बोलू नकोस. विचारलं तर सांग, साहेबाचा क्यांडी झालो. बाकी त्यांच्या कानांवर सोड. तुझ्यापेक्षा त्यांचे कान तिखट आहेत असं मला वाटत नाही.

गुलाम रसूल


मलकापूर
दि. २४ जानेवारी १९३३

प्रिय दोस्त गुलाम रसूल,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. चालत होतो.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी म्याकसाहेबाकडे गेलो आणि साखरेपासून सगळं सांगितलं. त्यानं पाइप काढला नि एकच विचारलं, "कडूबा, तुले खेळाचं आहे का चालाचं?"

मी म्हटलं, चालाचं.

"मंग घे झोळी."

पहिल्या सकाळी झोळी खांद्याला लावून बाजारातून निघालो. सोजराबाईनं वांगं हातातच धरलं आणि विचारलं, आज पायी काऊन? मी तुझी शिकवण म्हटली: साहेबाचा क्यांडी झालो. तिनं वांगं टोपलीत टाकलं. मग वळून पानवाल्याला म्हणाली, "आयकलं का? शेठले सायबानं खंडी केलं."

पानवाल्यानं विचारलं, रावसाहेब मोठा का खंडी मोठा?

"रावसायेब गल्लोगल्ली पडले हाय," ती म्हणाली. "खंडी पाह्यला होता का कधी?"

बस्. मी नदीपर्यंत पोचलो नव्हतो तर माझा किताब पोचला होता. आमचे पेन्शनर मास्तर आहेत, त्यांनी ओट्यावर बसून निकाल दिला की खंडीच्या वर मोठं वजनच नाही, तेव्हा हा किताब रावबहादुराच्याही वरचा असावा. दोन खंडी रुई साहेबाला उगाच गेली नव्हती, हेही सगळ्यांना आपोआप कळलं. म्याकसाहेब ट्रॉलीवर पुढे जातो, मी झोळी घेऊन मागून पायी जातो. झोळीतून काठ्यांची चकचकीत टोकं वर निघतात. जत्रेत मानाची काठी नाचवतात ना, गावाला वाटलं तसंच काही आहे. म्हाताऱ्या बाया वाटेत काठ्यांना हात लावून पाया पडतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गोजरला सगळ्यांच्या आधी पाट मांडला आणि एकीनं तिला खंडीणबाई म्हटलं. ती घरी येऊन मला म्हणाली, हे खंडीण काय आहे ते मला सांगू नका, मला आवडलं आहे.

आता मला गोजरपासून काही लपवायचं उरलं नाही, कारण डॉक्टरनं काल अंगठा दाबून पाहिला. डाग वाळून खपली निघाली. साखरही उतरली. तो म्हणाला, शेठ, पाय तुमच्याकडेच राहू द्या, मला ठेवायला जागा नाही.

आणि ऐक, क्यांडी होण्याचा मला न मागता एक फायदा झाला. झोळी वाहणाऱ्याला कान नसतात, असा ट्रॉलीवरच्या साहेबांचा समज आहे. मुंबईला कापसाचं काय होणार ते माझ्या डोक्यावरून एकमेकांना सांगतात. मी तोंड बैलासारखं ठेवतो. कानांशी माझा समेट झाला आहे. फाटकाशी गाड्यांची रांग आहे, कुत्रं दुसरीकडे गेलं.

खरी गंमत पुढे आहे. परवा शेषराव आला. रेंगीला घुंगरं, डोक्याला जरीचा फेटा. चहा प्याला, हवापाणी झालं, माझ्या बैलांची तब्येत विचारली. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "कडूबाजी, तुमचा वशिला आहे. मलेबी खंडी व्हाचं हाय."

मला त्याचं ते 'मानूस चांगला होता' आठवलं. पण घरी आलेल्याला काय बोलणार? मी म्हटलं, "शेषरावजी, एकदम खंडी कोणी होत नसते. आधी मण व्हा लागते."

त्यानं विचारलं, मणाला काय करावं लागतं?

मी सांगितलं, मणानं रेंगी सोडायची. सकाळ-संध्याकाळ बाजारातून पायी जायचं, आणि कोणी काही विचारलं तर हसायचं. तो उठला, फेटा सारखा केला आणि गाडीवानाला रिकामी रेंगी घेऊन घरी जायला सांगून पायी निघाला. त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे. भलं होईल त्याचं.

तुझा
कडूबा


बुलढाणा
दि. ५ फेब्रुवारी १९३३

कडूबाभाऊस सलाम. खंडीणवहिनींना खुर्शीदाचा वेगळा सलाम.

तू मला आधी लिहिलंस हे बरं झालं, नाहीतर मी गेल्या आठवड्यात दुकानात हसलो असतो. शेषरावजी स्वतः आले होते. राजूर घाट अर्धा पायी चढले म्हणे, चेहरा टमाट्यासारखा झाला होता, पण सांगताना ऐट होती. साहेबांचे कोट शिवतोस तर मलाही एक शीव, म्हणाले. काळी लोकरी बनात, पितळी बटणं, आणि छातीवर जरीच्या दोऱ्याने 'मण' काढ. मी विचारलं, बाळबोध का मोडी? ते म्हणाले, येडा का तू, साहेबांच्या अक्षरात काढ.

विजारींवर साहेबांची नावं घालून घालून मला तेवढी अक्षरं येतात. एम काढला, ए काढला, एन काढला. चांगले ठसठशीत, चार हातांवरून दिसतील असे.

काल संध्याकाळी फारुख आला. कोट खुंटीला होता. त्याने छातीवरचं वाचलं आणि विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, मलकापूरच्या एका शेठचं, तो मण होणार आहे. फारुख म्हणाला, मण नाही लिहिलंस तू. इंग्रजीत हे 'म्यान' होतं. म्हणजे माणूस.

मी कात्री घेतली. उसवायला अर्धी घडी लागली नसती. मग शेषरावजींचा विचार केला, कात्री खाली ठेवली आणि कोट घडी घालून बांधून दिला. खंडीचं पुढे बघता येईल. सुरुवात चुकीची नाही.

गुलाम रसूल